लघुछिद्रांतील वायुप्रवाह आणि ध्वनी : परस्परसंबंधाचे विवेचन

गोषवारा

लहान छिद्रातून वाहणारी हवा ध्वनी निर्माण करते, हे सर्वपरिचित आहे. परंतु हेच छिद्र आणि हाच प्रवाह योग्य परिस्थितीत ध्वनीचे शोषणही करतो, ही बाब तितकीशी परिचित नाही. या दोन्ही परस्परविरोधी वाटणाऱ्या परिणामांचे मूळ एकच आहे. छिद्राच्या कडेवर निर्माण होणारे हवेचे भोवरे हे ते मूळ होय. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे भौतिक स्वरूप, तिच्या अभ्यासाचा थोडक्यात इतिहास आणि महामार्गालगतच्या वर्गखोल्यांतील श्रवणाच्या प्रश्नाशी असलेला तिचा संबंध यांचे विवेचन केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : लघुछिद्र, भोवरा, अनुनाद, स्ट्रौहाल अंक, ध्वनिशोषण, वायुवीजन.

१. प्रास्ताविक

नाशिक जिल्ह्यातील चांदवड हे तालुक्याचे ठिकाण मुंबई-आग्रा महामार्गावर, सातमाळा डोंगररांगेच्या कुशीत वसले आहे. अहिल्याबाई होळकरांच्या काळातील रंगमहाल आणि रेणुकामातेचे मंदिर यांमुळे ते महाराष्ट्रभर परिचित आहे. महामार्गाने गावाला दळणवळण दिले, व्यापार दिला, शिक्षणसंस्थांना दूरदूरचे विद्यार्थी मिळवून दिले. त्याचबरोबर अवजड वाहनांचा अखंड घरघराटही दिला.

अशा रस्त्यालगतच्या कोणत्याही वर्गखोलीत उन्हाळ्याच्या दिवसांत एक पेच उभा राहतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर शिक्षकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. बंद कराव्यात तर खोलीत बसवत नाही. खिडक्या बंद करूनही आवाज पुरता थांबत नाही, आणि वारा सुटला की झडपेच्या फटीतून शीळ ऐकू येते ती वेगळीच. म्हणजे एकच फट बाहेरचा आवाज आत आणते आणि स्वतःचा आवाज त्यात मिसळते. हवा हवी पण आवाज नको, ही अपेक्षा निसर्गनियमांत बसते काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ सैद्धान्तिक राहत नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम छिद्रात नेमके काय घडते, हे पाहणे आवश्यक आहे.

२. छिद्रातील हवेचे वर्तन

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील सूक्ष्म आणि जलद चढउतार. असा चढउतार भिंतीतील लहान छिद्रापाशी पोहोचला की छिद्रातील हवेचा छोटासा गोळा पुढेमागे हलू लागतो. ध्वनीची तरंगलांबी छिद्राच्या आकारापेक्षा बरीच मोठी असते. ५०० हर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७० सेंटिमीटर, तर दाराखालची फट जेमतेम एक सेंटिमीटर. त्यामुळे छिद्रातील सर्व हवा एकाच वेळी, एकाच दिशेने, घन दट्ट्यासारखी हलते असे मानता येते. या दट्ट्याला स्वतःचे वस्तुमान असते. छिद्राच्या दोन्ही तोंडांजवळची थोडी हवाही त्याच्याबरोबर हलत असल्याने छिद्राची परिणामकारक लांबी प्रत्यक्ष जाडीपेक्षा अधिक भरते. लॉर्ड रॅले यांनी 'थिअरी ऑफ साउंड' (१८७७-७८) या ग्रंथात याचे गणित मांडले.

छिद्रामागे बंद पोकळी असल्यास तिच्यातील हवा स्प्रिंगप्रमाणे वागते. वस्तुमान आणि स्प्रिंग एकत्र आले की त्यांच्या जोडीला आपली अशी एक नैसर्गिक वारंवारता प्राप्त होते. यालाच हेल्महोल्ट्झ अनुनादक म्हणतात. एक लिटरची रिकामी बाटली घेतली, तिच्या गळ्याची लांबी ५ सेंटिमीटर व आतील व्यास २ सेंटिमीटर असला, तर तिची नैसर्गिक वारंवारता सुमारे १२० हर्ट्झ येते. बाटलीच्या तोंडावर तिरपी फुंकर मारली असता घुमणारा खर्ज स्वर तो हाच.

मात्र फुंकर ही संथपणे वाहणारी हवा आहे आणि स्वर हे कंपन आहे. संथ प्रवाहातून कंपन कसे उत्पन्न होते, हा पुढचा प्रश्न होय.

३. प्रवाहापासून ध्वनीची निर्मिती

हवा वळणदार पृष्ठभागाला काही अंतरापर्यंत चिकटून वाहू शकते. तीक्ष्ण कडेवरून मात्र ती सुटते. वेगाने जाणारी हवा आणि शेजारची स्थिर हवा यांच्यामधील पातळ थर अस्थिर असतो. तो गुंडाळला जाऊन त्याचे भोवरे बनतात. नदीच्या पुरात पुलाच्या खांबामागे दिसणारे भोवरे याच जातीचे.

भोवरे ठरावीक कालांतराने सुटतात. झेक शास्त्रज्ञ व्हिन्सेन्स स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांचा अभ्यास केला, तेव्हा स्वराची वारंवारता वाऱ्याच्या वेगाच्या सम प्रमाणात आणि तारेच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात बदलते असे दिसून आले. वारंवारतेला जाडीने गुणून वेगाने भागले असता येणाऱ्या संख्येस पुढे स्ट्रौहाल अंक हे नाव मिळाले. तारेसाठी तो सुमारे ०.२ असतो. यावरून ३ मिलिमीटर जाडीची तार सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्यात साधारणतः ६५० ते ६७० हर्ट्झचा स्वर देईल, असे गणित मांडता येते.

छिद्राच्या बाबतीत आणखी एक घटक येतो, तो म्हणजे दुसरी कड. पहिल्या कडेवरून सुटलेला भोवरा प्रवाहाबरोबर पुढे जाऊन दुसऱ्या कडेवर आदळला की तेथे दाबाचा धक्का निर्माण होतो. हा धक्का ध्वनिरूपाने मागे पहिल्या कडेपर्यंत येतो आणि नव्या भोवऱ्याच्या जन्माची वेळ निश्चित करतो. अशा रीतीने चक्र पूर्ण होते आणि शीळ स्वतःच स्वतःला टिकवून धरते. खिडकीच्या फटीत हेच घडते. फटीतील हवेचा वेग सेकंदाला ८ मीटर आणि दोन कडांतील अंतर ४ मिलिमीटर असेल, तर भोवरा प्रवाहाच्या सुमारे निम्म्या वेगाने सरकतो हे लक्षात घेता तो एक सहस्रांश सेकंदात दुसऱ्या कडेवर पोहोचतो. म्हणजे शीळ स्थूलमानाने १००० हर्ट्झची असेल. वारा वाढला की शीळ चढी होते, या सर्वांच्या अनुभवाचे कारणही यातच आहे.

या चक्राला अनुनादकाची जोड मिळाली की स्वर अधिक स्थिर होतो. बासरी हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण होय. वादकाच्या ओठांमधून निघालेला हवेचा पातळ झोत मुखरंध्राच्या पलीकडच्या कडेवर पोहोचतो आणि आळीपाळीने नळीच्या आत व बाहेर वळत राहतो. हे वळणे कोणत्या लयीत व्हावे, हे मुख्यतः नळीतील हवेचा स्तंभ ठरवतो. बोटांनी स्वररंध्रे उघडली की या स्तंभाची परिणामकारक लांबी कमी होऊन स्वर चढतो. पंडित पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी लोकवाद्य समजल्या जाणाऱ्या बासरीची लांबी वाढवून तिला रागसंगीताच्या मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. लांब नळी म्हणजे खालचा षड्ज, हे त्यामागील भौतिक सूत्र होते. फुंकेचा जोर वाढवला असता झोत कडेपर्यंत लवकर पोहोचतो आणि स्वर एकदम वरच्या सप्तकात जातो. म्हणजेच वारंवारता दुप्पट होते.

स्वयंपाकघरातील दोन उदाहरणांची तुलना येथे उद्बोधक ठरते. शीळ घालणाऱ्या किटलीच्या तोंडाशी थोड्या अंतरावर दोन छिद्रयुक्त पत्रे असतात. पहिल्या छिद्रातून आलेला वाफेचा झोत दुसऱ्या छिद्राच्या कडेवर जातो आणि स्पष्ट स्वर निघतो. केंब्रिज विद्यापीठातील हेन्रीवुड व अनुराग अगरवाल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, वाफेचा वेग कमी असताना ही शिट्टी हेल्महोल्ट्झ अनुनादकासारखी वागते. वेग वाढल्यावर मात्र भोवऱ्यांची नियमित निर्मिती आणि नळीची लांबी मिळून स्वर ठरवतात. प्रेशर कुकरच्या शिट्टीची गोष्ट वेगळी आहे. कुकरमधील निरपेक्ष दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट असतो. वजन उचलले जाताच वाफ अरुंद वाटेतून ध्वनीच्या वेगाने बाहेर पडते आणि तिचा अत्यंत संक्षुब्ध झोत तयार होतो. तेथे एक सुटा स्वर नसून सर्व वारंवारतांचे मिश्रण असते. म्हणून आपण तिला शिट्टी म्हणत असलो तरी ऐकू येतो तो फुत्कार. अशा झोताच्या ध्वनीचा सिद्धान्त जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये मांडला. ध्वनीच्या वेगाहून मंद असलेल्या झोतात ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा त्याचा निष्कर्ष. वेग दुप्पट झाल्यास ध्वनिशक्ती २५६ पट, म्हणजे पातळी २४ डेसिबेलने वाढते.

महामार्गावर मोटारीची मागची एकच काच उघडली असता कानाला दडे बसवणारी जी धपधप जाणवते, तीही याच कुळातील. खिडकीच्या पुढच्या कडेवर सुटलेले भोवरे मागच्या कडेवर आदळतात आणि गाडीची पोकळी प्रचंड बाटलीप्रमाणे अनुनादित होते. पोकळी मोठी असल्याने वारंवारता २० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राहते. दुसरी काच थोडी खाली करताच ही धपधप थांबते, कारण अनुनादाची व्यवस्थाच मोडते.

४. ध्वनीचा प्रवाहावर होणारा परिणाम

आतापर्यंत प्रवाहाने ध्वनी कसा उत्पन्न होतो, हे पाहिले. याच्या उलट दिशेची क्रिया प्रथम लक्षात आली ती एका संगीताच्या मैफलीत. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लेकाँट यांनी १८५८ मध्ये नोंदवले की, भिंतीवरील गॅसच्या दिव्याची ज्योत वाद्यांच्या, विशेषतः चेलोच्या, स्वरांबरोबर उसळत होती. बहिऱ्या माणसालाही ते संगीत डोळ्यांनी दिसले असते. जॉन टिंडल यांनी पुढे अशा संवेदनशील ज्योतींची प्रात्यक्षिके करून हा विषय लोकप्रिय केला. ज्योत ही येथे केवळ साक्षीदार होती. खरा संवेदनशील घटक होता छिद्रातून निघणारा वायूचा झोत. अस्थिरतेच्या उंबरठ्यावर असलेल्या झोताला ध्वनीचा अगदी हलका धक्काही भोवरे बनवण्यास पुरेसा होतो. झोत जेथे छिद्रातून बाहेर पडतो त्या मुळाशीच ही संवेदना सर्वाधिक असते, हे रॅले यांनी दाखवून दिले.

प्रवाह मुळात नसतानाही तीव्र ध्वनी तो निर्माण करू शकतो. इंगार्ड आणि लाबेट यांनी १९५० मध्ये छिद्राजवळ धूर सोडून केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, ध्वनीची तीव्रता वाढवत गेल्यास छिद्राच्या दोन्ही बाजूंना प्रथम संथ अभिसरण सुरू होते आणि पुढे भोवऱ्यांच्या कड्यांसह झोत उसळू लागतात. या झोतांना लागणारी ऊर्जा ध्वनीतूनच खर्च होते. म्हणजे छिद्र येथे ध्वनीचे भक्षण करू लागलेले असते.

५. छिद्राद्वारे ध्वनीचे शोषण

या भक्षणासाठी दर वेळी ध्वनी अतितीव्र असण्याची गरज नाही. छिद्रातून बाहेरून संथ प्रवाह चालू ठेवला तर मंद ध्वनीचेही शोषण होते, हे बेखर्ट आणि माइकेल हाऊ यांनी १९७९ च्या सुमारास सिद्धान्ताच्या पातळीवर स्पष्ट केले. ध्वनीच्या दाबामुळे छिद्रातील प्रवाह कमीअधिक होतो. या चढउताराबरोबर छिद्राच्या कडेवर भोवऱ्यांची कडी तयार होतात आणि संथ प्रवाह त्यांना कडेपासून दूर वाहून नेतो. भोवऱ्यांना ऊर्जा पुरवली ती ध्वनीने. पुढे वाटेत दुसरी कड नसल्यामुळे ती ऊर्जा पुन्हा ध्वनिरूपात परत येत नाही. भोवरे विरून जातात आणि तिची उष्णता होते.

शीळ घालणारे छिद्र आणि ध्वनी गिळणारे छिद्र यांतील फरक येथे स्पष्ट होतो. दोन्ही ठिकाणी भोवरे आहेत, कड आहे, प्रवाह आहे. परंतु सुटलेल्या भोवऱ्याला योग्य वेळी दुसरी कड किंवा अनुनादक भेटला तर तो प्रवाहातील ऊर्जा ध्वनीला देतो. न भेटल्यास ध्वनीची ऊर्जा घेऊन निघून जातो. हिशेब अखेर वेळेचा आहे. भोवऱ्याचा प्रवास आणि ध्वनीचे आंदोलन यांचा मेळ कसा बसतो, यावर ऊर्जेच्या देवघेवीची दिशा ठरते. स्ट्रौहाल अंक हे या मेळाचेच माप होय.

या तत्त्वाचा एक उपयोग चांदवडहून नाशिककडे जाताना लागणाऱ्या ओझरशी निगडित आहे. तेथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची स्थापना १९६४ मध्ये झाली. मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई-३० ही विमाने तेथे तयार झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथेच बांधलेल्या तेजस मार्क-१ए विमानाने पहिले उड्डाण केले. अशा लढाऊ विमानांच्या इंजिनांना आफ्टरबर्नर असतो. त्यातील ज्वलन आणि ध्वनी एकमेकांना पोसू लागले तर उत्पन्न होणारी तीव्र आंदोलने धातूचे भाग अल्पावधीत निकामी करू शकतात. यावर उपाय म्हणून आफ्टरबर्नरच्या आतील अस्तराला असंख्य लहान छिद्रे ठेवली जातात. त्यांतून शिरणारी थंड हवा अस्तराला शीतल राखते आणि त्याच वेळी घातक आंदोलनांची ऊर्जा भोवऱ्यांच्या रूपाने वाहून नेते. एकाच छिद्राकडून दोन कामे साधली जातात.

छिद्र पुरेसे बारीक असल्यास प्रवाहाचीही गरज उरत नाही. छिद्राच्या भिंतीलगत हवेच्या श्यानतेमुळे घर्षणाचा एक पातळ थर असतो. ५०० हर्ट्झला त्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर भरते. ५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात हा थर नगण्य ठरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रात मात्र तो बराच भाग व्यापतो आणि ध्वनीची ऊर्जा घर्षणात जिरते. चिनी शास्त्रज्ञ मा दा-यू यांनी १९७५ मध्ये या तत्त्वावर सूक्ष्मछिद्री पटलांचा सिद्धान्त मांडला. १९९० च्या दशकाच्या आरंभी बॉन येथील जर्मन संसदेच्या काचेच्या वर्तुळाकार सभागृहात ध्वनी एकवटून भाषणे ऐकू येईनात, तेव्हा अशाच पारदर्शक पटलांनी तो दोष दूर करण्यात आला.

६. वर्गखोलीच्या प्रश्नाचा विचार

या विवेचनाच्या आधारे प्रारंभीच्या पेचाकडे पुन्हा वळता येईल. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी शांतता क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५० डेसिबेल ठरवली आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्ग चालू असताना खोलीतील पार्श्वध्वनी ३५ डेसिबेलपेक्षा अधिक नसावा. या आकड्यांमागे श्रवणाचे वास्तव आहे. 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने उच्च वारंवारतेची आणि अल्प ऊर्जेची असतात. गोंगाटात प्रथम तीच हरवतात. परिचित शब्दातील हरवलेले व्यंजन ऐकणारा मनाने भरून काढतो. नवी संज्ञा किंवा परकी भाषा प्रथमच ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला ते शक्य होत नाही. त्यामुळे गोंगाटाचा सर्वाधिक भार शेवटच्या बाकावरील, मराठी माध्यमातून नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यावर पडतो, आणि त्याचे न समजणे बहुधा त्याच्या अनवधानाच्या खाती जमा होते.

फटीचे गणितही डोळे उघडणारे आहे. भिंत कितीही जाड असली तरी तिचा एक टक्का भाग उघडा असल्यास एकंदर ध्वनिरोध स्थूलमानाने २० डेसिबेलच्या वर जात नाही. एक मीटर रुंद व दोन मीटर उंच दाराखाली एक सेंटिमीटरची फट असली, तर उघडा भाग अर्धा टक्का होतो आणि दार लोखंडाचे असले तरी मर्यादा २३ डेसिबेलवर येते. बाहेर ७० डेसिबेल धरल्यास आत ४७ उरतात. शिवाय अरुंद फटीतून आत आलेला ध्वनी किरणासारखा सरळ न जाता सर्व खोलीत पसरतो. म्हणून दाराच्या लाकडावर खर्च करण्यापूर्वी फटीला रबराची पट्टी लावणे अधिक फलदायी ठरते. त्याने वाऱ्याची शीळही थांबते.

छिद्रयुक्त छत किंवा भिंतीवरील छिद्रयुक्त फळ्या यांविषयी एक गैरसमज आढळतो. मागे पोकळी असलेली अशी पटले खोलीतील प्रतिध्वनी कमी करतात आणि त्यामुळे बोलणे स्पष्ट होते, हे खरे. परंतु रस्त्यावरचा आवाज ती अडवत नाहीत. त्याचप्रमाणे खिडकीतून येणाऱ्या मंद वाऱ्याकडून आफ्टरबर्नरच्या अस्तरासारख्या शोषणाची अपेक्षा करता येत नाही, कारण खिडकी ध्वनीच्या तरंगलांबीच्या मानाने लहान नसते.

तरीही हवा आणि ध्वनी यांना वेगळे करणे अशक्य नाही. खेळती हवा एकाच दिशेने संथ वाहते, ध्वनी मात्र क्षणाक्षणाला दिशा बदलणारे आंदोलन आहे. पुरेशा रुंदीचा वळणावळणाचा मार्ग संथ हवेला फारसा अडथळा करत नाही. मार्गाच्या भिंतींना काचलोकरीसारखे सच्छिद्र अस्तर असल्यास प्रत्येक वळणावर ध्वनीची ऊर्जा मात्र त्यात जिरत जाते. रस्त्याच्या बाजूच्या झरोक्यांना असे आडवळणी, अस्तरयुक्त मार्ग देता येतील. मार्ग अरुंद ठेवून हवेचा वेग वाढवल्यास मात्र झोताचा नवा आवाज सुरू होईल. नव्या इमारतीत व्हरांडा महामार्गाकडे आणि मोठ्या खिडक्या विरुद्ध दिशेस ठेवणे हा त्याहून स्वस्त व टिकाऊ उपाय आहे.

७. समारोप

लहान छिद्र ध्वनीच्या बाबतीत निष्क्रिय नसते. तेथे प्रवाहाची ऊर्जा ध्वनीत जाऊ शकते आणि ध्वनीची प्रवाहात. देवघेव कोणत्या दिशेने होईल, हे छिद्राची कड, प्रवाहाचा वेग आणि सुटलेल्या भोवऱ्याला पुढे काय भेटते, यांवर अवलंबून असते. बासरीकाराने हे तत्त्व ओठांनी आत्मसात केले आणि इंजिन-अभियंत्याने गणिताने. शाळा-महाविद्यालयांच्या इमारती बांधताना मात्र त्याचा विचार क्वचितच होतो. दार, खिडकी आणि झरोका यांचा आराखडा करताना प्रकाश व हवा यांच्या जोडीला ध्वनीचाही हिशेब मांडला गेला, तर शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याला शिक्षकाचे बोलणे पूर्ण ऐकू येईल. त्यासाठी लागणारे विज्ञान उपलब्ध आहे आणि ते खर्चिकही नाही.